नववी चिप

राजाराम मेश्रामांना जावयावर सूड उगवायचा होता, आणि तोही रीतसर, टाइप करून, दोन प्रतींत.

तसे ते तापट गृहस्थ नव्हते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात भांडार-खरेदीच्या टेबलावर छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. द्वारकेतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचं, सकाळी पार्काला चार फेऱ्या मारायच्या, दुपारी डोक्यावरून विमानं जात असताना वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी काढायची, असा त्यांचा शांत दिनक्रम होता. पण गेल्या चौदा एप्रिलला जे झालं ते त्यांच्या घशात हाडूक अडकावं तसं अडकून बसलं होतं.

विदर्भ-मराठवाड्यातून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या बौद्ध कुटुंबांची त्यांची एक संघटना होती. पहिल्यांदा आलेली पिढी, म्हणजे कुणी टपाल खात्यातला कारकून, कुणी सचिवालयातला शिपाई, जिवंत होती तेव्हा राजाराम दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसायचे. दिल्लीत पहिली खोली कशी मिळाली, घरमालकानं आडनाव विचारलं तेव्हा काय सांगितलं, पहिल्या थंडीत रजई कुणी दिली, असं सगळं बोलतं करायचे. दोनशे बारा कॅसेट भरल्या. निवृत्तीनंतर एकेक कॅसेट वाजवून त्यांनी ते सगळं संगणकावर उतरवलं. ते नीट जपून ठेवायला जावयानं, हितेशनं, टीव्हीच्या कपाटाखाली एक सर्व्हर बसवून दिला. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहणारा, बुटांच्या दोन खोक्यांएवढा एक संगणक.

हितेश गजभिये गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत असलीच यंत्रं सांभाळायचा. त्यामुळे या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कॅसेटना बुरशी लागली होती, उतरवताना कितीतरी तुटल्या. उरलेल्या राजारामांनी, 'नोंद जतन झाली, मूळ नष्ट करावे' असा शेरा मारून भंगारवाल्याला दिल्या. हितेशनंच सांगितलं होतं, बाबा, बिल्कुल टेन्शन घेऊ नका, ईसीसीवाली मेमरी लावलीय, काही चुकलं तर स्वतःच दुरुस्त करते.

आणि मग ती चौदा एप्रिलची संध्याकाळ. भाड्यानं घेतलेला हॉल खच्चून भरलेला. त्या पहिल्या पिढीतल्या राजाभाऊ वासनिकांचा आवाज ऐकवायचा होता. राजाभाऊंना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या आवाजाची दुसरी कुठलीही नोंद जगात नव्हती. त्यांची मुलगी देविका फरीदाबादहून खास त्यासाठी आली होती. पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर रुमाल घेऊन.

"मी एकोणीसशे सत्तावन्न साली नागपूरहून निघालो," राजाभाऊ म्हणाले, "तेव्हा माझ्याजवळ..." आणि पुढे पत्र्यावर खिळा ओढावा तसा कर्कश आवाज. मग काहीच नाही. पुढे सरकवून पाहिलं, मागे घेऊन पाहिलं, पुन्हा तेच. लॅपटॉपवर हितेश होता. त्यानं हसत माइक घेतला आणि सगळ्या हॉलला सांगितलं, "लगता है पापाजी ने फिर कोई बटन दबा दिया."

हॉल हसला. 'फिर' या शब्दावर जरा जास्तच हसला.

देविका हसली नाही. कार्यक्रम संपल्यावर ती राजारामांपाशी आली, चारचौघांसमोर म्हणाली, "काका, माझ्या बाबांचा आवाज तुमच्या भरवशावर होता," आणि मेट्रोकडे चालती झाली.

त्या दिवसापासून राजारामांना एकाच प्रश्नानं घेरलं. राजाभाऊंचा आवाज कुणी घालवला? त्यांनी, की हितेशनं? त्यांनी एकेक फाइल वाजवून पाहिली, तर दोनशे बारांपैकी एकेचाळीस नासलेल्या निघाल्या. हितेशला फोन केला तर तो म्हणाला, जुन्या कॅसेट होत्या, बाबा, आणि तुम्ही पण एकच फाइल दहा वेळा इकडची तिकडे करता. बोलता बोलता पलीकडे तो दुसऱ्या कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. पत्नी कमलाबाई म्हणाल्या, जावई आहे तो, जाऊ द्या. राजारामांनी उत्तर दिलं की घरात तो जावई आहे, फाइलवर पुरवठादार आहे.

फाइल होतीच. या माणसानं घरात कूलर घेतला तरी फाइल उघडायची. 'गृह-सर्व्हर उभारणी' या विषयाची फाइल जाड पुठ्ठ्याची, लाल फितीची, आणि तिच्यात हितेशशी झालेला सगळा पत्रव्यवहार छापून, पानांवर लाल पेन्सिलीनं क्रमांक घालून लावलेला. सातव्या पानावर राजारामांनी स्वतः तयार केलेला अपेक्षित गुणांचा तक्ता होता. त्यात 'मेमरी चूक-दुरुस्ती करणारी असावी' यासमोर हितेशनं लिहिलं होतं, 'पूर्तता केली'. राजारामांनी तेवढ्या दोन शब्दांखाली रेघ मारली आणि ते कामाला लागले.

या वयात शिकायचं म्हणजे काय असतं ते त्यांनाच ठाऊक. पण द्वेषासारखा मास्तर नाही. आठवड्याभरात त्यांना कळलं की साध्या मेमरीच्या पट्टीवर बहुधा आठ काळ्या चिपा असतात, आणि चूक दुरुस्त करणाऱ्या पट्टीवर नऊ. आठ जणी काम करतात आणि नववी त्यांच्यावर नजर ठेवते. ही आपली आवक-जावक कारकून, राजारामांना वाटलं. स्वतः काही लिहीत नाही, पण दुसऱ्यानं एक आकडा चुकवला की तिथल्या तिथे पकडते. म्हणजे हितेशनं आठवाली पट्टी लावून नऊवाली म्हणून सांगितलं असणार. पुरवठादारांची ही जुनीच खोड.

जूनमधल्या एका रणरणत्या दुपारी त्यांनी सर्व्हर बंद केला, चार स्क्रू काढले, पट्टी उपटली आणि भिंगाखाली धरून मोजायला सुरुवात केली. आठापर्यंत आले तेव्हा त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग त्यांना नववी दिसली.

पुन्हा मोजली. नऊच होत्या. हितेश खोटं बोलला नव्हता. चार दिवस त्यांनी पार्काच्या फेऱ्याही मारल्या नाहीत. कमलाबाईंनी त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली, तीही त्यांनी निम्मी टाकली.

पाचव्या दिवशी ते पुन्हा वाचायला बसले, कारण हार मानायची तर निदान पूर्ण वाचून मानावी, असा त्यांचा स्वभाव. आणि तिथं त्यांना तो मुद्दा सापडला. नुसती मेमरी नऊ चिपांची असून भागत नाही. प्रोसेसरला ती चूक-दुरुस्ती करता आली पाहिजे, आणि मदरबोर्डानंही दोघांची गाठ घालून दिली पाहिजे. तिघांतला एक जरी नाही म्हणाला, तरी नववी चिप जागच्या जागी बसून राहते. पगार घेते, काम करत नाही.

राजाराम ताठ बसले. प्रोसेसरचं नाव त्यांनी पडद्यावरून लग्नपत्रिकेच्या पाकिटावर उतरवून घेतलं, अक्षर न् अक्षर, शेवटच्या टोकाच्या अक्षरासकट. ते शेवटचं अक्षरच घात करणारं निघालं. त्याचा अर्थ, या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. आणि या जातीच्या प्रोसेसरांत चूक-दुरुस्ती फक्त कार्यालयांसाठीच्या खास नमुन्यांना दिलेली होती. त्यांच्याकडचा नमुना साधा होता. मग त्यांनी मदरबोर्डाचं पान उघडलं. मेमरीच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ईसीसी मेमरी चालते. त्यापुढे एक फुली. फुलीची तळटीप पानाच्या अगदी तळाला, मुंग्यांएवढ्या अक्षरांत: अशा प्रोसेसरबरोबर ती मेमरी चालेल, पण साध्या मेमरीसारखी, दुरुस्तीविना.

छत्तीस वर्षं ज्यानं पुरवठादारांच्या तळटीपा वाचल्या त्याच्यापुढे ही तळटीप आली होती. राजाराम इतक्या मोठ्यांदा हसले की कमलाबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

पुढचं सोपं होतं. सर्व्हरलाच विचारायची एक आज्ञा असते. ती त्यांनी एका बोटानं टाइप केली. उत्तर आलं, चूक-दुरुस्तीचा प्रकार: नन. काहीच नाही. मग मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावून ठेवला, तर चहाच्या वेळेपर्यंत पडद्यावर तीनशे बारा लाल ओळी उमटल्या. दोनपैकी एक पट्टी आजारी होती. आवाज तिच्यातून जाताना नासले होते, नासलेलेच डिस्कवर लिहिले गेले होते, आणि नासलेल्यांचीच राखीव प्रत निघाली होती. बटण कुणीही दाबलेलं नव्हतं.

आता सूड कसा घ्यायचा, एवढंच उरलं. फोनवर सांगितलं असतं तर हितेश 'अच्छा, देख लेते हैं' म्हणून मोकळा झाला असता. राजारामांना त्याला चारचौघांत तोंडघशी पाडायचं होतं, आणि त्या चारचौघांत देविका हवी होती. त्यांनी संघटनेची कार्यकारिणी आपल्या घरी बोलावली. रेल्वेतून निवृत्त झालेले अध्यक्ष विनय रामटेके आणि आणखी तिघं, सगळे सरकारी खात्यांतले. देविकाला स्वतः फोन केला. ती आधी नको म्हणाली. राजाभाऊंच्या आवाजाचं काय झालं ते कळलंय, असं सांगितल्यावर येते म्हणाली. मुलीला, क्रांतीला, कळवलं की हितेशला घेऊन जेवायला ये. का ते सांगितलं नाही.

मग त्यांनी कारणे दाखवा नोटीस लिहिली. आठ दिवस लिहीत होते. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की' हे शब्द टाइप करताना त्यांना जी गोडी वाटली ती निवृत्तीनंतर कशातच वाटली नव्हती. आरोप पाच. शेवटचा, 'स्वतःच्या त्रुटीचा दोष जाहीर सभेत वयोवृद्ध व्यक्तीवर ढकलणे'. फिरायला जाताना ते मनातल्या मनात मांडे खायचे. हितेशची मान खाली गेलीय, देविका त्याच्याकडे बघतेय, आणि आपण शांतपणे चष्मा पुसतोय.

रविवारी सकाळी, मंडळी यायच्या तासभर आधी, ते पुरावे लावायला फाइल घेऊन बसले. खरं तर सातवं पान तेवढं काढायचं होतं. पण फाइल एकदा शेवटपर्यंत चाळायची ही सवय. तेविसाव्या पानावर त्यांचा हात थांबला.

हितेशचा मेल होता तो, सव्वा वर्षापूर्वीच्या मार्च महिन्यातला, लांबलचक, सहा परिच्छेदांचा. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की बाबा, टीव्हीला थेट जोडता येणारा प्रोसेसर घेतला तर मेमरी ईसीसी असूनही चूक-दुरुस्ती चालणार नाही. चालायला हवी असेल तर दुसरा प्रोसेसर आणि वेगळं कार्ड मागवावं लागेल, त्याला तीन आठवडे. तुमची हरकत नसेल तर सध्या हाच लावतो, नंतर बदलू. कळवा. आणि समासात, निळ्या शाईत, राजारामांच्या स्वच्छ टपोऱ्या अक्षरात: 'प्रस्तावाप्रमाणे मंजूर. विलंब नको.' खाली सही आणि तारीख.

त्यांना सगळं आठवलं. त्या वर्षीच्या चौदा एप्रिलच्या आधी सर्व्हर चालू व्हायला हवा होता, मंडळींना दाखवायचा होता. मेल लांब होता. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला होता.

सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणावं, असं पहिल्यांदा मनात आलं. हात फोनपर्यंत गेलाही. पण मग तो हॉल आठवला, तो हसरा माइक आठवला, ते 'फिर' आठवलं. हितेश तरी कुठे धुतल्या तांदळाचा होता? नंतर बदलू म्हणाला आणि विसरून गेला, वर जगभर सांगत सुटला की ईसीसी लावलीय. दिवसाला दोनशे मेल लिहिणाऱ्या माणसाला हा एक आठवणार नाही. राजारामांनी फीत सोडली, तेविसावं पान काढलं, चौघडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि फीत पुन्हा बांधली. फाडायला मात्र त्यांचा हात धजला नाही.

मंडळी आली. जय भीम झाले, चिवडा झाला, चहा झाला. हितेश मिठाईचा डबा घेऊन आला होता आणि त्याच्या डोळ्यांत कसलीही शंका नव्हती. राजारामांनी त्याला टीव्हीसमोर बसवलं, कीबोर्ड हातात दिला आणि सांगितलं, मी सांगतो ते टाइप कर. त्यानं हसत टाइप केलं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर उत्तर आलं.

"वाच," राजाराम म्हणाले. "मोठ्यानं."

हितेशनं वाचलं, आणि वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. त्याला सगळं एका क्षणात कळलं, हुशारच होता तो. राजारामांनी नोटीस काढली आणि पाचही आरोप सावकाश वाचले. मध्ये तळटीप समजावली, लाल ओळींचा छापील कागद फिरवला. रामटेके मान डोलवत होते. पाचवा आरोप संपला तेव्हा त्यांनी नोटिशीची एक प्रत हितेशपुढे सरकवली.

देविका हितेशकडे वळली. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर काकांना बोलले. ते तू ऐकून घेतलंस. बाजूला उभा होतास."

हे वाक्य ऐकायला राजाराम तीन महिने थांबले होते. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं त्यांनी ते घटाघटा पिऊन टाकलं.

हितेश कपाळ चोळत म्हणाला की बाबा, मला वाटतं मी तुम्हाला तेव्हा काहीतरी विचारलं होतं, मेल केला होता बहुतेक, नक्की आठवत नाही. रामटेके खुसुखुसु हसले. त्यांच्या नोकरीत असे 'बहुतेक'वाले कंत्राटदार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. इथं राजाराम गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण सूडाला पोट नसतं, ते भरत नाही.

"फाइल समोर आहे," ते म्हणाले. "दाखव काढून."

हितेशनं फाइल उघडली. असली फाइल कशी वाचायची हेही त्याला ठाऊक नव्हतं, उलटीसुलटी चाळली, तारखा बघितल्या, मिटली. "नाहीये," तो म्हणाला. मग तो उठला आणि सगळ्यांदेखत खाली वाकून राजारामांच्या पायांना हात लावला. "सॉरी, बाबा. चुकलं माझं. तुमच्यावर हसलो पण." क्रांती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. राजारामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

देविकानं फाइल स्वतःकडे ओढली. तिच्या मनात संशयबिंशय काही नव्हता. बावीस वर्षं ती सरकारी लेखापरीक्षणात होती, आणि समोर फाइल पडली की तिचं बोट आपोआप पानांच्या कोपऱ्यावरून फिरायचं. ते फिरलं, आणि थांबलं.

"काका, बावीसनंतर चोवीस कसं?"

रामटेक्यांनी कप खाली ठेवला. बाकीच्या तिघांनी राजारामांकडे पाहिलं. त्या खोलीतल्या बहुतेकांनी जन्मभर सरकारी पगार खाल्ला होता, फाइलमधून एक पान नाहीसं होणं म्हणजे काय हे त्यांना समजावायची गरज नव्हती. एकट्या हितेशला काही कळलं नाही. त्यानं हळूच क्रांतीला विचारलं, काय झालं?

आकडा घालताना चूक झाली असेल, एवढं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. सकाळी खोडरबरही टेबलावरच होतं, पुढच्या पानांचे आकडे बदलायला दहा मिनिटं लागली नसती. पण पानाचा क्रमांक खोडायचा असतो हे राजारामांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आता सहा माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांचा हात खिशाकडे गेला. घडी उलगडून त्यांनी पान देविकाच्या हातात दिलं.

तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, आवाज न चढवता, ऑडिटचे आक्षेप वाचतात तसं. चौथा परिच्छेद वाचला. समासातली ओळ वाचली. सही आणि तारीखही वाचली.

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," राजाराम म्हणाले.

तिनं पान बावीस आणि चोवीसच्या मध्ये ठेवलं आणि फाइल मिटली. मग ती पर्स उचलून उठली. रामटेके तिच्यामागोमाग उठले.

हितेशनं विचारलं, "हे तुम्हाला कधी सापडलं, बाबा?"

राजाराम म्हणाले, "आज सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

हितेश रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यानं फक्त कीबोर्ड उचलून टीव्हीखाली ठेवला. खिडकीपाशी उभी असलेली क्रांती आता वळली. लहानपणी ज्या मुलीला ते कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय नाव लिहू द्यायचे नाहीत, तीच ही मुलगी.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तरी तुम्ही त्याला वाकू दिलंत."

राजारामांच्या हातात नोटिशीची दुसरी प्रत अजून तशीच होती. स्वयंपाकघराच्या दारात कमलाबाई ताटं घेऊन उभ्या होत्या, आणि जेवायला कोण थांबणार आहे हे कुणीच सांगत नव्हतं.